विड्रॉल म्हणजे माघार? चाळीसच्या चाळीस ठिकाणी?? (मदत हवी, धागा लांबला तर माफी)

शब्दखोर | शुक्रवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी भाषांतराची कामं करते हे इथल्या जुन्या लोकांना माहितीये. आत्ता एका एजन्सीकडून फाइल आलीये, कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं कर्मचाऱ्यांसाठीचं ॲप आहे, त्यात पीएफ, रजा, आरोग्य हेल्पलाइन सगळं एकत्र कोंबलंय. मशीनने आधी भाषांतर केलंय आणि मी ते फक्त "तपासून" द्यायचं, म्हणजे पैसे निम्मे आणि डोकेदुखी दुप्पट. तर या फाइलीत विड्रॉल ३१ ठिकाणी आहे आणि रिट्रीट ९ ठिकाणी, आणि मशीनने डोळे मिटून सगळीकडे "माघार" ठोकलंय. नमुने वाचा:

"आपल्या भविष्य निर्वाह निधीची माघार यशस्वी झाली आहे."
"माघारीची लक्षणे जाणवल्यास हेल्पलाइनवर फोन करा."
"तुमचा सहकारी माघारलेला वाटतो का?"
"यंदाची नेतृत्व माघार लोणावळ्यात होईल."

शेवटचं वाचताना तोंडातला चहा कीबोर्डवर. सोमवारी दुपारी फाइल द्यायचीये. एकेक दुरुस्त करतेच आहे पण काही ठिकाणी मीच अडकले, आणि खरं सांगायचं तर आता मला तो शब्दच विचित्र दिसायला लागलाय, माघार माघार माघार. तुमच्या तुमच्या धंद्यात या गोष्टींना लोक प्रत्यक्षात काय म्हणतात ते सांगा. कोशातलं नकोय, कोश माझ्याकडे आहेत.

कलटीकिंग | शुक्रवार, रात्री ११:०२

नेतृत्व माघार लोणावळ्यात 😂😂 आमच्या कंपनीची पण झाली मागच्या वर्षी. दोन दिवस एसी हॉलमध्ये स्लाइडा बघितल्या, एकदा दोरी ओढायची स्पर्धा, आणि येताना चिक्की. त्याला माघार म्हणायला माझी काही हरकत नाही, मी रविवारी नाश्ता झाल्या झाल्या माघार घेतलीच होती.

निवृत्त_कॅशियर | शुक्रवार, रात्री ११:२०

ताई, बँकेपुरतं मी सांगतो, ३४ वर्षं काउंटरला काढली आहेत. लोक दोनच शब्द वापरतात, भरणे आणि काढणे. "पैसे काढायचेत" झालं. स्लिपला विड्रॉल म्हणतात आणि ते आता मराठीच झालंय, खेड्यातली म्हातारी सुद्धा "विड्रॉल भरून द्या हो" म्हणते (विड्रॉल भरून, म्हणजे काढायचा कागद भरायचा, गंमत बघा). सरकारी कागदात आहरण असतं, ट्रेझरीत "आहरण व संवितरण अधिकारी" असा पदनामाचा डोंगर असतो, पण ते त्या अधिकाऱ्याच्या घरी सुद्धा कुणी म्हणत नसेल. तुम्ही "पैसे काढले" लिहा. पीएफला सुद्धा "पीएफ काढला" असंच म्हणतात, मग तो फॉर्म १९ चा हिशोब पूर्ण करून असो की ३१ ची आगाऊ रक्कम असो.

आता दुसरं. मागे घेणे आणि रद्द करणे यात गल्लत करू नका, त्याने माझी निवृत्तीच्या वर्षात झोप उडवली होती. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने दोन हजाराची नोट चलनातून मागे घेतली. मागे घेतली, रद्द नव्हती केली, ती कायदेशीर राहिलीच होती, ३० सप्टेंबरपर्यंत भरायची किंवा एका वेळी २०,००० पर्यंत बदलून घ्यायची, पुढे मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. पण लोकांच्या डोक्यात ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र पक्की बसलेली. त्या वेळी खरोखर रद्द होत्या. म्हणून २०२३ ला पण घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या शाखेबाहेर शटर उघडायच्या आधी रांग. एक आजोबा तर पाच नोटा घेऊन थरथरत उभे होते. त्यांना बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की काका ही नोट मेली नाही, रिटायर होतेय, माझ्यासारखी. हसले एकदाचे.

शब्दखोर | शुक्रवार, रात्री ११:३४

काका हे सोनं आहे. "संमती मागे घ्या" असं एक बटण आहे माझ्याकडे, आणि "रजेचा अर्ज मागे घ्या" असं दुसरं. दोन्हीकडे मागे घेणे चालतंय ना मग?

निवृत्त_कॅशियर | शुक्रवार, रात्री ११:४१

चालतंय. अर्ज आपणच दिलेला, आपणच मागे घ्यायचा. दुसऱ्याने केला तर तो फेटाळणं किंवा रद्द करणं. ज्याने दिलं त्यानेच मागे घ्यायचं एवढं लक्षात ठेवा.

गावकारभारी | शनिवार, सकाळी ७:१५

अर्ज मागे घेण्यावर मी बोलणार नाही तर कोण बोलणार. विधानसभा-लोकसभेला १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिलंय, ठरलेल्या दिवशी दुपारी ३ च्या आत माघारीची लेखी सूचना द्यायची, आणि एकदा दिली की ती सूचना परत मागे घेता येत नाही. म्हणजे माघारीतून माघार नाही!! ग्रामपंचायतीला पण तीनचाच घोळ. आमच्याकडे एका वर्षी बिनविरोध करायचं ठरलं, सगळी भावकी बसली, सगळे हो म्हणाले, पण एक चुलतभाऊ सकाळपासून फोन बंद करून गायब. अडीचला तो मळ्यातल्या विहिरीवर मोटर दुरुस्त करताना सापडला, तसाच चिखलाच्या पायानं गाडीवर बसवला, पावणेतीनला तहसीलमध्ये. सही करताना म्हणतो कसा, मी माघार घेत नाही, मी गावासाठी थांबतोय. साहेब म्हणाले काय म्हणायचं ते म्हणा, सही इथे करा.

म्हणून शब्दखोर ताई, निवडणुकीत "माघार" हा शब्द एकदम बरोबर आहे, पेपरात पण हेच छापून येतं, पण ज्याने घेतली तो कधीच हा शब्द वापरत नाही. तो म्हणतो थांबलो. विरोधक म्हणतात पळाला.

कलटीकिंग | शनिवार, सकाळी ९:३०

मुंबईत म्हणतात कलटी मारली. माझा आयडी उगाच नाहीये.

वाड्यातला_काका | शनिवार, सकाळी १०:०५

पळाला आणि माघार घेतली यातला फरक शिकायचा असेल तर तळेगावला जा. जानेवारी १७७९. राघोबादादांना गादीवर बसवायचं म्हणून मुंबईचे इंग्रज बोरघाट चढून वर आले, बरोबर हजारो बैल आणि सगळा लवाजमा. घाट चढल्यापासून आपल्या लोकांनी त्यांना एक मोठी लढाई दिली नाही. समोर यायचं, झोंबायचं, मागे सरकायचं. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला, तोच आपला इष्टुर फाकडा, शत्रूच्या माणसाला फाकडा म्हणणारे लोक आपण, वडगाव मावळात त्याचं स्मारक आहे. तर असं मागे सरकत सरकत त्यांना तळेगावापर्यंत आणलं, आणि तळेगाव जाळून मोकळं केलेलं, ना दाणा ना वैरण. पुणं तिथून अठरा-वीस मैल. आणि तिथे इंग्रजांचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि गुपचूप परत फिरले. गुपचूप कसलं, अर्ध्या वाटेत कळलंच, वडगावला कोंडले आणि चार-पाच दिवसांत तह लिहून दिला.

आता मला सांगा, या सगळ्यात मागे कोण गेलं? दोघं गेले. आपले रोज मागे जात होते आणि जिंकत होते, ते एकदाच मागे गेले आणि संपले. एकाच क्रियापदात दोन्ही बसत नाही म्हणून म्हणतो, माघार आणि पळ वेगळे ठेवा.

पुरावा_द्या | शनिवार, सकाळी १०:४०

काका तह झाला खरा पण पाळला कुठे. वरच्या इंग्रज सरकारने तो मान्यच केला नाही, युद्ध पुढे चालूच राहिलं आणि सालबाईला १७८२ मध्ये मिटलं. त्यामुळे "संपले" हा शब्द जरा मागे घ्या.

वाड्यातला_काका | शनिवार, सकाळी १०:४४

घेतला. (बघा, शब्द मागे घेणे, ते पण त्या यादीत टाका. विधानसभेत रोज घेतात.) पण वडगावच्या मैदानापुरते ते संपलेच होते, हे मी मागे घेणार नाही.

सुभेदार_मेजर_नि | शनिवार, दुपारी १२:२०

मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. काकांशी सहमत, आणि एक भर. फौजेत आम्हाला शिकवतात की सगळ्यात अवघड काम हल्ल्याचं नाही, शत्रूच्या तोंडासमोरून व्यवस्थित मागे येण्याचं. हल्ल्यात जोश असतो, कोणीही पुढे पळतो. मागे येताना प्रत्येकाच्या मनात एकच, शेवटचा मी नको. म्हणून कोण कधी निघणार, कोण शेवटपर्यंत गोळी चालवत राहणार ते आधी ठरतं. शेवटी थांबणारी तुकडी ही नेहमी चांगल्यातली चांगली देतात. घोडखिंडीत १३ जुलै १६६० ला बाजीप्रभू काय करत होते? महाराज विशाळगडाकडे निघालेले, हे खिंडीत उभे. आपण त्याला पराक्रम म्हणतो आणि तो आहेच, पण फौजी भाषेत ती माघारीची पिछाडी सांभाळणारी तुकडी होती. माघारीचा एवढा मोठा पोवाडा दुसऱ्या कुठल्या मुलखात गात असतील असं मला वाटत नाही.

आणि रिट्रीट म्हणजे आमच्यासाठी हार अजिबात नाही. सूर्यास्ताला बिगुल वाजतो त्याला रिट्रीट म्हणतात. झेंडा उतरतो. छावणीत जो जिथे असेल तिथे गाडी थांबवून, सायकलवरून उतरून सावधान उभा राहतो, पोरंसुद्धा खेळ थांबवतात. जुन्या काळी संध्याकाळ झाली की लढाई थांबवून तळावर परत या असा तो इशारा होता. २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात बँड वाजतात ते त्याचंच मोठं रूप. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, अजून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास हातातलं काम थांबतं. बायको म्हणते पाय दुखतायत का.

दम_धरा | शनिवार, दुपारी १:५५

सुभेदार साहेब सलाम. मी पोरांना कबड्डी शिकवतो आणि तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण आमचा सगळा खेळच परत येण्याचा आहे. लोकांना वाटतं चढाई म्हणजे आत घुसणं. आत कुणीही घुसतो हो. मध्यरेषा ओलांडून गेलास, निदानरेषा पार केलीस, दोघांना हात लावलास, टाळ्या वाजल्या, आणि तिथेच धरला गेलास तर शून्य, उलट समोरच्याला गुण आणि तू बाहेर. त्या टाळ्यांची किंमत मध्यरेषेवर परत पाय टेकला की. तोपर्यंत दम चालू पाहिजे, कबड्डी कबड्डी तुटलं की संपलं. तीस सेकंद.

नवीन पोरांची चूक कायम एकच असते, परत फिरताना पाठ दाखवतात. पाठ फिरवली की मागून कोपरारक्षक घोटा धरतोच. मी त्यांना सांगतो, तोंड तिकडे, पाय इकडे. मागे येताना पण तू चढाईवरच आहेस. आमच्या वस्तीतले जुने खेळाडू म्हणायचे "जाताना पोरगं, येताना बाप्या."

शब्दखोर | शनिवार, दुपारी २:३०

मला दुरुस्तीसाठी तीन-चार ओळी हव्या होत्या आणि इथे घोडखिंड आणि कबड्डी आली, मी तक्रार करत नाहीये 😄 "नेतृत्व माघार"चं मी "व्यवस्थापकांचं निवासी शिबिर" केलंय. पण आणखी एक रिट्रीट आहे ध्यानाचं, तीन दिवस कंपनीच्या खर्चाने. एकांतवास लिहिलं तर तुरुंगातली शिक्षा वाटतेय.

कोपऱ्यातलं_कासव | शनिवार, दुपारी ३:१०

शिबिरच लिहा. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांची विपश्यना असते, तिला जगभर रिट्रीट म्हणतात, आपल्याकडे शिबिरच म्हणतात आणि कुणाचंही काही अडत नाही. मी केलंय एकदा. फोन जमा, पहाटे ४ ला घंटा, आर्यमौन. पहिले तीन दिवस मला शेजारच्याच्या नाकाच्या आवाजाचा एवढा राग यायचा की मी मनात त्याचे तीन खून केले. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा तोच पहिला बोलायला आला, म्हणे तुमचा फार आधार वाटला. असो.

पण ही कल्पना काही बाहेरून आलेली नाही. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी थांबायचं, तो वर्षावास, आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा. आजही आपल्याकडे वस्त्या-वस्त्यांतल्या विहारांत त्या तीन महिन्यांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि जवळपास प्रत्येकीजवळ पाण्याचं टाकं, जाऊन बघा, दगडातले ओटे आहेत झोपायला. जैन साधूंचा चातुर्मास तसाच, वारकऱ्यांचा आषाढी ते कार्तिकी तसाच. मुळात कारण साधं, चिखल, भरलेल्या नद्या, आणि पायाखाली येणारे जीव.

आता थोडं अवांतर, माझ्या आवडीचं. आपण पुस्तकाच्या शेवटी "उपसंहार" लिहितो ना, तो शब्द बघा. अस्त्र परत ओढून घेणं म्हणजे त्याचा उपसंहार. अश्वत्थाम्याने ब्रह्मशिर सोडलं, अर्जुनानेही सोडलं, व्यास आणि नारद मधे उभे राहिले आणि म्हणाले आवरा. अर्जुनाने आवरलं. अश्वत्थाम्याला सोडता येत होतं, परत घेता येत नव्हतं, मग ते उत्तरेच्या गर्भावर गेलं. मला लहानपणी कळायचं नाही की एवढा मोठा योद्धा आणि अर्धीच विद्या कशी शिकला. आता व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर रोज बघतो.

पुरावा_द्या | शनिवार, दुपारी ३:३२

कासवदादा, संन्यासाचं राहिलं. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले आणि गुरूने परत घरी पाठवले. संसारातून माघार आणि मग त्या माघारीतून माघारी. आळंदीने पहिली चालवून घेतली असती, दुसरी नाही चालवली.

कोपऱ्यातलं_कासव | शनिवार, दुपारी ३:५०

आणि त्या माणसाने थोरल्या मुलाचं नाव ठेवलं निवृत्ती. मी यावर खूप वेळा विचार केलाय. आणि आता बँकेतून बाहेर पडलेल्या माणसाला पण आपण निवृत्तच म्हणतो. कॅशियर काका, हलके घ्या.

निवृत्त_कॅशियर | शनिवार, दुपारी ४:१५

हलकंच घेतो, पेन्शन पण हलकीच आहे.

आजचा_दिवस | शनिवार, रात्री ९:२५

बराच वेळ लिहू की नको चाललं होतं. ताई तुमची दुसरी ओळ, "माघारीची लक्षणे". ती मजेची नाहीये, म्हणजे तुम्ही मजेत टाकली नाही मला माहिती आहे, पण त्या ओळीच्या पलीकडे जो माणूस असतो तो मी होतो. ब्राऊन शुगर, साडेचार वर्षं. आता ११ वर्षं झाली सोडून.

आमच्यात विड्रॉलला "टर्की" म्हणतात. टर्की लागली, टर्की काढली. कुठून आला शब्द ते नंतर कळलं, इंग्रजीतल्या पक्ष्यावरून. आधी जांभया येतात, मग नाक डोळे गळतात, मग अंगावर काटा, हाडं आतून कुणी पिळल्यासारखी, पोट सैल, झोप नाही. पाय झाडत राहतात, बाकीचं सोसता येतं पण पाय नाही. दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. दारूवाल्यांचं वेगळं, त्यांचे हात थरथरतात, काहींना भिंतीवर किडे दिसतात, फिट येऊ शकते, म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीतच करावी, त्यात माणूस जाऊ शकतो. हे घरच्यांना माहितीच नसतं, ते खोलीत कोंडतात आणि बाहेरून कडी लावतात.

पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं तेव्हापासून ही भाषा मराठीत तयार होत गेलीये. तुम्ही सरळ लिहा "व्यसन सोडताना होणारा त्रास". लक्षणे वगैरे नको. ज्याला होतोय तो लक्षणं शोधत नसतो, त्याला त्रास होत असतो.

आणि ते तिसरं वाक्य, सहकारी माघारलेला. माझी आई शेजारणीला सांगायची, "पोरगं घुम्यासारखं बसतंय, कुणात मिसळत नाही." तिला पुढचं काही माहिती नव्हतं पण एवढं तिने बरोबर पकडलं होतं.

शब्दखोर | शनिवार, रात्री ९:४०

मी तुमची दोन्ही वाक्यं जशीच्या तशी घेतेय. "व्यसन सोडताना होणारा त्रास". आणि दुसरं "सहकारी हल्ली कुणात मिसळत नाही का?" तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

आजचा_दिवस | शनिवार, रात्री ९:४८

सांगतो. तिला वाटेल मी काहीतरी पुरस्कार वगैरे जिंकला.

सुकती_भरती | रविवार, सकाळी ६:३०

धागा आत्ता बघितला. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, अष्टमी असेल तर ८ गुणिले पाऊण म्हणजे ६ ला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास पुरती सुकती. शाळेत न गेलेली आजी हा हिशोब तोंडी करायची. समुद्र मागे गेला की बायका खडपांत कालवं काढायला जातात, आमची आमटी समुद्राच्या माघारीवर होते बघा. जून-जुलैची मासेमारी बंदी पण तसलीच, होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ द्यायचा. त्या दोन महिन्यांत जाळी विणायची आणि भांडायचं.

ढगफुटी | रविवार, सकाळी ९:१०

मान्सूनची माघार कुणीच घेतली नाही?? माझा हक्काचा विषय. "परतीचा पाऊस" या शब्दाने लई घोळ केलाय. हवामान खात्याच्या हिशोबात पाऊस परतला असं म्हणायला आधी तो सलग ५ दिवस थांबावा लागतो, हवेतली ओल कमी व्हावी लागते आणि खालच्या थरातले वारे उलट फिरावे लागतात, आणि १ सप्टेंबरच्या आधी तर म्हणतच नाहीत. पश्चिम राजस्थानातून सरासरी १७ सप्टेंबरला निघतो, १५ ऑक्टोबरच्या आसपास देशातून जातो. म्हणजे ज्याला आपण परतीचा पाऊस म्हणून शिव्या घालतो तेव्हा तो परतलेलाच नसतो, दारात चपला घालत गप्पा मारत उभा असतो. नातेवाईकांसारखा.

द्राक्षबाग | रविवार, सकाळी ९:५५

तुमचा दारातला पाहुणा आमची ऑक्टोबर छाटणी खाऊन जातो. फुलोऱ्यात सापडली बाग की डाऊनी (बुरशीचा रोग), रात्री बारा वाजता ट्रॅक्टर घेऊन फवारायला जायचं. आम्ही त्याला परतीचा म्हणत नाही, काय म्हणतो ते इथे लिहिलं तर ॲडमिन आयडी उडवतील.

शब्दखोर | रविवार, सकाळी ११:३०

अपडेट. एजन्सीची मेल आलीये. त्यांच्या सॉफ्टवेअरने माझी फाइल लाल केली, कारण "एका मूळ शब्दाला एकच प्रतिशब्द हवा, सुसंगती राखा." म्हणजे ४० ठिकाणी एकच काहीतरी निवडा. मी आत्तापर्यंत सहा वेगवेगळे वापरलेत. आता हात आखडता घेऊ, पाय मागे घेऊ, की नमतं घेऊ?

वाड्यातला_काका | रविवार, सकाळी ११:४२

अंग काढून घ्या.

कलटीकिंग | रविवार, सकाळी ११:४५

काढता पाय घ्या.

पुरावा_द्या | रविवार, सकाळी ११:५१

मराठीत मागे यायला अख्खं शरीर लागतं हे आत्ता लक्षात आलं. पाय, हात, अंग, पाठ दाखवायची, आणि शेपूट नसताना शेपूट घालायची.

सुभेदार_मेजर_नि | रविवार, दुपारी १२:१५

मॅडम, मागे हटू नका. पण पाठ दाखवून भांडू पण नका. प्रत्येक ओळीसमोर एका वाक्यात कारण लिहून पाठवा. कागद लढेल.

घाटावरची_लेक | रविवार, दुपारी ३:०५

मी बहुतेक नुसती वाचत असते इथे. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, दुष्काळी पट्टा. सगळ्यांनी माघार म्हणजे हरणं, पळणं, थांबणं सगळं लिहिलं पण आमच्याकडे हा शब्द रोज वेगळाच चालतो. माघारी म्हणजे परत. "बाजारातनं माघारी कवा येणार?" एवढंच. आणि लग्न होऊन गेलेली लेक सणाला, जत्रेला घरी आली की ती माघारीण. जत्रेत माघारणींचा मान असतो, साडी-चोळी असते, कुणी गेलं तर पहिला निरोप माघारणींना. माझ्या आत्या सत्तरीच्या आहेत, अजून आमच्या दारात आल्या की वहिनी ओरडते, माघारीण आली गं.

पण त्याच शब्दाने दुसरंही म्हणतात. "तिला माघारी धाडली." ते ऐकलं की बायकांचे आवाज खाली जातात. म्हणजे आपण होऊन आली तर मान आणि पाठवली तर बोभाटा, वाट तीच, एसटी पण तीच.

निवृत्त_कॅशियर | रविवार, दुपारी ३:४०

ताई तुम्ही आठवण करून दिलीत. तुमच्याच भागात सात वर्षं होतो मी. खातं उघडताना वारसाचं नाव विचारलं की तिकडचे लोक वारस म्हणायचे नाहीत, "माझ्या माघारी" म्हणायचे. माझ्या माघारी हिला द्या. माझ्या माघारी दोघा पोरांत निम्मं निम्मं. एक शेतकरी दर सहा महिन्यांनी यायचा, पासबुक भरून घ्यायचा आणि एकच प्रश्न, "साहेब, माझ्या माघारी हिला विड्रॉल जमंल का?" तिला सही येत नव्हती, अंगठा होता. मी म्हणायचो जमेल, मी शिकवतो, घेऊन या एकदा. आणलं नाही कधी. मग एक दिवस ती एकटीच आली, पासबुक फडक्यात बांधलेलं. विड्रॉल मी भरून दिला, अंगठ्याला शाई तिने स्वतः लावली.

घाटावरची_लेक | रविवार, दुपारी ३:५२

🙏

दम_धरा | रविवार, संध्याकाळी ५:२०

काय धागा झालाय राव. ताई एजन्सीचं काय झालं तेवढं कळवा.

शब्दखोर | सोमवार, दुपारी ४:३५

झालं एकदाचं. सुभेदार साहेबांनी सांगितलं तसं केलं, चाळीस ओळी, चाळीस कारणं, रात्री दोनपर्यंत टाइप करत बसले. पैसे काढणे, अर्ज मागे घेणे, संमती मागे घेणे, सोडताना होणारा त्रास, न मिसळणे, शिबिर. तिकडच्या बाईंनी फोन केला, त्या मूळच्या इंदूरच्या, मराठी घरच्या, म्हणाल्या सॉफ्टवेअर लाल दाखवतंय ते दाखवू दे, मी पास करते. वारस नेमायच्या पानावर "माझ्या माघारी" लिहायची फार इच्छा झाली होती पण तिथे कायद्याचं वाक्य आहे, हात लावता येत नाही. कॅशियर काका, सॉरी.

पूर्ण फाइलीत "माघार" आता एकदाही नाहीये. एक ओळ तेवढी उरलीये, बॅकचं बटण. मी "मागे" लिहून ठेवलंय.

घाटावरची_लेक | सोमवार, दुपारी ४:५०

माघारी लिहा की.

शब्दखोर | सोमवार, दुपारी ४:५८

बटण बारीक आहे हो. थांबा, बसतंय का बघते.